बर्फात नालीत उतरलेला ट्रक बाहेर कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दोन गाड्या आहेत. रावेर-सावद्याहून केळी भरून वर जम्मू-श्रीनगरला जातात आणि परतीला सोपोर किंवा शोपियानचं सफरचंद वाशीच्या बाजारात आणतात. पहिली काही वर्षं मी स्वतः स्टिअरिंगवर होतो, आता बहुतेक वेळ फोनवर असतो. डिसेंबर ते मार्च त्या फोनवर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: "शेठ, गाडी नालीत गेली." आमचे ड्रायव्हर, गावातले दुसरे गाडीवाले, त्यांचे मेहुणे, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली. यातलं बरंचसं जम्मू-श्रीनगर रस्त्यावर (राष्ट्रीय महामार्ग ४४) शिकलेलं आहे, थोडं झोजी ला (श्रीनगर-लेह रस्त्यावरची खिंड) आणि मनालीकडचं. आपल्या घाटात पावसाळ्यात गाडी रुतते, त्याची सवय इथे अर्धीच कामाला येते. चिखल चाकाला धरून ठेवतो. बर्फ धरतही नाही आणि सोडतही नाही.

गाडी नालीत गेली. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

रेसवरचा पाय काढा. हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा. क्लीनरला उतरवून जी चाकं अजून रस्त्यावर आहेत त्यांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावायला सांगा. उतरताना गाडी कलली आहे त्याच्या उलट बाजूच्या दारानं उतरा. मग मागे जाऊन त्रिकोण ठेवा, आणि आपल्याकडे ठेवतो त्यापेक्षा बराच लांब ठेवा. बर्फावर मागून येणारी गाडी कोरड्या रस्त्याच्या तीन-चार पट अंतर घेऊन थांबते, आणि वळणाच्या पलीकडून येणाऱ्याला तुमचे दिवे दिसतच नाहीत.

त्यानंतर गाडीभोवती एक चक्कर मारायची. डिझेल गळतंय का, हवेचा पाइप तुटलाय का, सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलं गेलंय का, आणि गाडी अजून हळूहळू सरकतेय का. हे चार प्रश्न सुटेपर्यंत फावड्याला हात लावायचा नाही.

डोंगराकडच्या नालीत गेली की दरीकडे, यानं काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानंच पडतो. पहाडी रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला नाली असते. बर्फ पडला की ती भरून रस्त्याच्या पातळीला येते आणि दिसेनाशी होते. समोरून येणाऱ्याला बाजू देताना चाक तिच्यात जातं. गाडी डोंगराला टेकते, बॉडीला ओरखडे येतात, आरसा फुटतो. एवढ्यावर भागतं. वरचे जुने ड्रायव्हर सांगतात की घसरायला लागलात तर स्टिअरिंग डोंगराकडे द्या. नाली म्हणजे त्यांच्या हिशेबी देवाची कृपाच.

दरीकडची कड खचून चाक खाली गेलं असेल, तर हे पान तुमच्यासाठी नाही. सगळे उतरा, गाडी जवळच्या मोठ्या झाडाला, खडकाला किंवा दुसऱ्या भरलेल्या गाडीला दोरानं बांधता येत असेल तर बांधा आणि क्रेनची वाट पाहा. तिथे स्वतः काही काढायला जाऊ नका.

जोरात रेस देऊन निघणार नाही का?

नाही. चाक गरगर फिरलं की खालचा बर्फ घासून वितळतो आणि क्षणात पुन्हा गोठतो. तुम्ही स्वतःच्या हातानं चाकाखाली काच तयार करता. दोनदा प्रयत्न केला आणि गाडी हलली नाही, तर तिसऱ्यांदा करू नका. तोपर्यंत जी गाडी अर्ध्या तासाच्या खोदण्यानं निघाली असती, तिला आता क्रेन लागते.

मग नेमकं खोदायचं कुठे?

इथेच सगळे चुकतात. पहिल्यांदा फसलेला माणूस चाकाच्या पुढचा बर्फ काढतो, कारण तोच डोळ्यांना दिसतो. पण गाडी बहुतेक वेळा पोटावर अडलेली असते.

रामसू आणि बनिहालच्या मध्ये एका जानेवारीत आमची दहा टायरची गाडी डाव्या बाजूच्या नालीत उतरली. मी आणि क्लीनर दोघांनी तासभर चाकं मोकळी केली. रेस दिली, गाडी जागची हलली नाही. मागून एक बनिहालचा म्हातारा ड्रायव्हर आला. त्यानं काहीही न बोलता हातातल्या टॉर्चचा झोत गाडीखाली टाकला. मागच्या ॲक्सलचा गोळा, डिफरन्शियल असतं तो, नालीच्या काठावरच्या दाबून घट्ट झालेल्या बर्फावर असा बसला होता जसा पाटावर गणपती. चाकं जवळजवळ लटकलेली. त्यांच्यावर वजनच नव्हतं, मग ती पकड कुठून घेणार?

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी ॲक्सलचा गोळा मोकळा करायचा, मग चेसीखालचा आणि डिझेल टाकीखालचा बर्फ, मग पुढच्या बंपरखालचा. चाकं सगळ्यात शेवटी. आणि चाकांपुढे खड्डा खणायचा नाही, उतार खणायचा. चाक ज्या दिशेनं बाहेर येणार त्या दिशेला दोन-तीन मीटर लांब, चाकापेक्षा हातभर रुंद, हळूहळू चढत जाणारी वाट करायची. खोदलेला बर्फ दरीकडे किंवा मागे टाका. लोक तो पुढेच टाकतात आणि मग त्याच ढिगावर चाक चढवायला बघतात.

गाडीखाली हात घालून खोदताना इंजिन बंद ठेवा, चाकं अडवलेली ठेवा आणि अंग कधीही चेसीखाली सरकवू नका. लांब दांड्याचं फावडं त्यासाठीच लागतं. तिकडे त्याला बेलचा म्हणतात. आपलं घमेलं-कुदळ तिथे फार कामाची नाही. कडक बर्फ फोडायला टॉमी (लोखंडी कांब) किंवा टिकाव चालतो.

एवढ्या खोदण्यानं खरंच फरक पडतो का, की नुसतीच मेहनत?

ढोबळ हिशेब करू. भरलेली दहा टायरची गाडी २८ टनांच्या आसपास. तिला पाचाला एक अशा चढावरून वर ओढायची तर फक्त चढासाठी साडेपाच टनांहून जास्त जोर लागतो. तोच उतार खणून दहाला एक केला, तर पावणेतीन टन. बर्फ ढकलण्याचा आणि पोट घासण्याचा जोर वेगळा. चिखलात चाक मध्यापर्यंत रुतलं तर गाडीच्या वजनाएवढा जोर धरून चालायचं, असा फसलेल्या गाड्या काढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ओल्या, दाबलेल्या बर्फात तेवढा लागत नाही, पण पोट टेकलं असेल तर फार कमीही लागत नाही. दोन माणसं आणि दोन फावडी तासाभरात जेवढा जोर वाचवतात, तेवढा देणारी मशीन त्या रस्त्यावर दर वेळी मिळत नाही.

चाकाखाली काय टाकायचं?

राख. ढाब्याच्या तंदूरची, बुखारीची, कांगडीची (या तिकडच्या शेगड्या), मिळेल ती. थंड झालेली असावी एवढंच. राखेखालोखाल बारीक खडी आणि भरड वाळू. खडी टाकताना चाकाच्या अगदी खाली, जिथे रबर बर्फाला टेकतं तिथे हातानं कोंबायची. लांबून मूठभर फेकलेली खडी नुसती शोभेची.

केळीची गाडी असल्यामुळे आमच्याकडे हौद्यात वाळलेली पानं भरपूर असतात. पहिल्या वेळी मोठ्या हुशारीनं ती चाकाखाली अंथरली. चाक फिरलं आणि सगळी पानं क्लीनरच्या तोंडावर. ताडपत्रीचं तसंच, ती चाकाखालून साबणासारखी निसटते आणि वर फाटते. पोती मात्र चालतात, पण एक टोक चाकाखाली नीट दाबलेलं हवं आणि मागे कुणी उभं असता कामा नये. लाकडी फळ्या सगळ्यात चांगल्या, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतील तर उत्तमच.

मिठाचा उपयोग शून्याच्या जरा खाली होतो. उणे दहाच्या खाली साधं मीठ जवळजवळ निकामी ठरतं, आणि काम करायला त्याला वेळ लागतो. टाकून वीस मिनिटं थांबायची तयारी असेल तरच टाका. गरम पाणी अजिबात ओतू नका. पंधरा मिनिटांनी तिथे काच असते.

फसल्यावर टायरला साखळ्या लावता येतात का?

येतात, पण जीव मेटाकुटीला येतो. साखळी लावायला चाक अर्धा फेरा फिरावं लागतं, आणि ते फिरत नाही म्हणूनच तर तुम्ही तिथे आहात. चाक मोकळं खोदून, साखळी वरून पांघरून, खालचं टोक टॉमीनं ओढून घ्यावं लागतं. जॅक लावून चाक उचलायचा मोह होतो. कललेल्या गाडीला बर्फावर जॅक लावू नका, तो सरकतोच. लावायचाच झाला तर गाडी सरळ असायला हवी आणि जॅकखाली जाड रुंद फळी हवी.

साखळी चालत्या ॲक्सलला (इंजिनाचा जोर ज्याला मिळतो त्या), जोडटायर असेल तर बाहेरच्या टायरला लावायची. शंभर-दोनशे मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायची, कारण ती हमखास ढिली पडते. वेग तिशीच्या आत. काळा रस्ता लागला की काढायची, नाहीतर टायर आणि साखळी दोन्ही जातात. झोजी लासारख्या ठिकाणी बर्फाच्या दिवसांत साखळ्यांशिवाय सोडतच नाहीत, त्यामुळे "नको, जाईल तशीच" हा वाद घालण्यात अर्थ नाही.

गिअर कोणता, डिफरन्शियल लॉक कधी?

लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर गाडी उभी असतानाच, चाक फिरायला लागण्याआधी लावा. फिरत्या चाकावर लॉक टाकला तर आतले दाते उडतात, आणि मग नालीपेक्षा मोठा खर्च होतो. स्टिअरिंग शक्य तेवढं सरळ. पहिल्याऐवजी दुसरा गिअर, म्हणजे चाकाला झटका बसत नाही. क्लच हळू सोडायचा, रेस नावापुरती. गाडी हातभर पुढे आली आणि थांबली, की तिला मागे येऊ द्या, पुन्हा पुढे. पाळण्यासारखं. हे करताना क्लच जळल्याचा वास आला तर थांबा. एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा.

मागून येणारा ट्रकवाला ओढून देतो म्हणतोय. देऊ का?

मनापासून म्हणतोय, त्यात शंका नाही. त्या रस्त्यावर ट्रकवाला ट्रकवाल्यासाठी थांबतो, पंजाबचा असो, हरियाणाचा की आपला. पण बर्फावर तो किती ओढू शकेल ते पाहा. त्याच्या चालत्या ॲक्सलवर १० टन वजन आहे असं धरू. कोरड्या डांबरावर ०.७ च्या आसपास घर्षण मिळतं, म्हणजे सात टनांपर्यंत ओढ. दाबलेल्या बर्फावर ते ०.२ वर येतं: दोन टन. चकचकीत आइस असेल तर एक. आपल्याला वर निघालेल्या हिशेबात पावणेतीन टन फक्त चढाचे होते.

म्हणजे पोट मोकळं केलं, उतार सपाट केला, तुमच्या इंजिनानंही साथ दिली आणि त्याच्या चाकांना साखळ्या असतील, तर तो मदत करू शकतो. नुसता दोर बांधून "मार रेस" म्हटलं तर दोन गाड्या नालीत. मी हे एकदा पाहिलंय. तिसरी गाडी त्या दोघींना काढायला आली होती, तिचं काय झालं ते सांगत नाही.

झटका देऊन ओढायचं तर मुळीच नाही. जीपसाठी ताणले जाणारे नायलॉनचे पट्टे मिळतात, ते धाव घेऊन ओढण्यासाठी असतात आणि छोट्या गाड्यांसाठी ठीक. २८ टनांना झटका दिला की काहीतरी तुटतंच, आणि ते कुठे उडेल हे आपल्या हातात नसतं.

दोर कुठे अडकवायचा आणि लोक कुठे उभे करायचे?

पुढे टो पिन असते तिथे, किंवा कंपनीनं दिलेल्या हुकला. तो नसेल तर चेसीच्या मुख्य पट्टीला, साखळीनं. बंपरला, स्प्रिंगच्या पाट्यांना, ॲक्सलच्या सळ्यांना, स्टिअरिंगच्या रॉडला नाही. आमच्या एका गाडीचा बंपर क्रेनवाल्यानं असाच उपटून हातात दिला, आणि वर त्याचे पैसे घेतले.

साखळी घेताना तिच्यावरचा शिक्का बघा. ग्रेड ८० ची १० मिलिमीटर जाडीची साखळी सव्वातीन टनांच्या जरा आत, म्हणजे ३.१५ टनांपर्यंत सुरक्षित वापरायची. १३ मिलिमीटरची ५.३ टन आणि १६ मिलिमीटरची ८ टन. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी बिनशिक्क्याची साखळी गुरं बांधायला चांगली.

वायर रोप तुटला की चाबकासारखा मागे येतो. पाय कापतो, माणूस कापतो, ही अतिशयोक्ती नाही. ओढायला सुरुवात होण्याआधी दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब सगळ्यांना उभं करा. दोराच्या रेषेत कुणी नको, वळणाच्या आतल्या बाजूला तर अजिबात नको. ताणलेल्या दोरावरून उडी मारून जायचं नाही. दोराच्या मध्यावर जाड गोधडी किंवा ओली पोती टाका, तुटलाच तर ती जोर खाते. इशारा एकाच माणसानं द्यायचा. दहा जण "हां हां, आने दो" ओरडत असतील तर आधी त्यांना गप्प करा.

पुली लावून जोर वाढतो म्हणतात, ते कसं?

पुली फसलेल्या गाडीला अडकवायची, विंचचा (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर तिच्यातून फिरवून त्याचं टोक परत एखाद्या भक्कम आधाराला बांधायचं. गाडीला विंचच्या जवळजवळ दुप्पट ओढ मिळते, थोडी घर्षणात जाते. वेग निम्मा होतो, ते बरंच.

पुली गाडीऐवजी आधाराला लावली, म्हणजे नुसती दिशा बदलायला, तर मात्र जोर वाढत नाही, उलट त्या आधारावर दुप्पट भार येतो. रस्त्याकडेला सफेद्याची सरळ उंच झाडं दिसतात, ती आधाराला धरू नका. मुळं वरवर असतात. पुलाच्या कठड्याचे खांबही नकोत.

हायड्रा, जेसीबी की मोठी क्रेन?

जे आधी येईल ते, असं मनात येतं. पण हायड्राच्या (चाकांवर फिरणाऱ्या छोट्या क्रेनच्या) चाकांची बर्फावर तीच गत जी तुमच्या चाकांची, आणि भरलेली गाडी उचलायला ती जन्मलेली नाही. तिचा उपयोग मागचा भाग जरा उचलून धरायला. जेसीबी नाली मोकळी करायला आणि उतार करायला एक नंबर. बकेटला दोर बांधून ओढायला सांगू नका. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला पाय रोवून विंचनं ओढणारी मोठी रिकव्हरी क्रेन सगळ्यात चांगली. सीमा सडक संघटनेची मशिनं बर्फ काढायला त्या भागात असतात, झोजी लाच्या सोनमर्ग बाजूला प्रकल्प बीकन आणि द्रासकडे प्रकल्प विजयक. रस्ता अडला असेल तर ते स्वतःहून गाडी बाजूला करतात. मात्र त्यांचं काम रस्ता मोकळा करणं आहे. तुमच्या बंपरची काळजी त्यांनी करावी ही अपेक्षा ठेवू नका.

माल उतरवावा का?

गाडी कललेली असेल तर हो, आणि लवकर. वरचा थर आधी, कललेल्या बाजूचा. सफरचंदाच्या पेट्या हातोहात दुसऱ्या गाडीत जातात, मजूर मिळाले तर दोन-तीन तासांचं काम. केळ्यांचं दुखणं वेगळं. १३ अंशांच्या खाली केळ्याची साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. बाहेर उणे चार असताना ताडपत्री उघडली की माल गेला म्हणून समजा. आम्ही केळ्याची गाडी शक्यतो बंदच ठेवून काढतो.

गाडी उलटेल असं वाटतंय.

वरच्या बाजूनं हौद्याला किंवा चेसीला दोर बांधून दुसऱ्या भरलेल्या गाडीला ताणून ठेवा. ती ओढणार नाही, फक्त धरून ठेवेल. खालच्या बाजूचा बर्फ काढू नका, तोच गाडीला टेकू देतोय. केबिनमध्ये कुणी बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच.

मदत सकाळीच येणार. रात्र कशी काढायची?

आधी जागा बघा. वर "शूटिंग स्टोन"चा फलक असेल, किंवा झोजी लावर शैतानी नाला, कॅप्टन मोड अशा हिमस्खलनाच्या पट्ट्यात असाल, तर गाडी सोडून पुढच्या चौकीपर्यंत, ढाब्यापर्यंत चाला. गाडीचा विमा असतो.

जागा सुरक्षित असेल तर केबिनमध्ये राहा. हीटर चालवायचा तर दर वेळी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते बघा. बर्फ पडत असेल तर अर्ध्या तासात ते पुन्हा भरतं, धूर केबिनमध्ये येतो आणि त्यातल्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वासही नसतो. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, मग बंद, काच बोटभर उघडी. केबिनमध्ये स्टोव्ह, शेगडी, कांगडी नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थंडी परवडली, बाहेर या.

रमनं ऊब येते हा गैरसमज आहे. कातडीला गरम वाटतं, पण अंगातली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फ चोळू नका, शेकोटीवर धरू नका. काखेत घाला किंवा कोमट पाण्यात ठेवा. ओले मोजे लगेच बदला. आमच्या एका पोराला एवढंच सांगितलं होतं, ते त्यानं ऐकलं नाही, आणि आता दोन बोटांना त्याला आजही कमी कळतं.

गाडी निघाली असती, पण सुरूच होत नाही. डिझेल गोठलं का?

बहुधा हो. साध्या डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते दाटतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखकडे जायचं असेल तर हिवाळी डिझेल भरा. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ते आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहतं. खालून भरलेली टाकी तशीच घेऊन वर जाऊ नका. रॉकेल मिसळायचा जुना उपाय बीएस-६ गाडीत करू नका, पंप आणि इंजेक्टर महाग आहेत. आणि टाकीखाली शेकोटी पेटवणाऱ्यापासून लांब राहा, तो कितीही अनुभवी असला तरी.

युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, उणे ११ ला गोठतं आणि गोठताना फुगतं, म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका.

हवेच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढलं नाही तर ते वाल्व्हमध्ये गोठतं आणि ब्रेक सुटत नाहीत. नालीत पडताना हवेचा पाइप तुटला असेल तरी तेच होतं: हवा गेली की पार्किंग ब्रेकची स्प्रिंग चाकं आवळून धरते. अशी गाडी ओढणं म्हणजे जाम चाकांनी ओढणं. आधी हवा भरा, किंवा दुसऱ्या गाडीतून पाइपनं घ्या. स्प्रिंग मागे घ्यायचा बोल्ट चेंबरला असतो, पण ते काम मिस्त्रीचं, आणि तेही चाकं अडवल्यावर.

फोन कुणाला करायचा?

जखमी असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. त्याआधी एक गोष्ट: आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. दर वर्षी एक तरी नवा ड्रायव्हर लखनपूरची हद्द ओलांडल्यावर फोन हलवून बघतो. आम्ही दोन्ही गाड्यांत पोस्टपेड दिलंय.

क्रेनवाला मागेल ते द्यायचं का? विमा देतो का?

भाव आधी ठरवा, दोर बांधण्याआधी, दोन साक्षीदारांसमोर. "पहले निकालते हैं, फिर देख लेंगे" याला हो म्हणू नका. गाडी अर्धवट बाहेर आल्यावर भाव दुप्पट होतो, आणि तेव्हा तुम्ही काय म्हणणार? काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या, विमा कंपनीला लगेच कळवा. साध्या पॉलिसीत टोइंगसाठी मिळणारी रक्कम पहाडातल्या क्रेनपुढे चहापाण्याची असते. जास्तीचं कव्हर घेता येतं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये एजंटला विचारा. मालाचा विमा वेगळा, तो गाडीच्या विम्यात येत नाही.

निघाली! आता जाऊ?

पाच मिनिटं थांबा. पाटे तुटलेत का, स्टिअरिंगचा रॉड वाकलाय का, टायरच्या आतल्या बाजूला काप गेलाय का, हवेचा काटा टिकतोय का. जोडटायरच्या मध्ये अडकलेला बर्फ आणि दगड काढा. पहिला किलोमीटर हळू, दोनदा ब्रेक दाबून बघा. ओला ब्रेक ड्रमला चिकटून गोठतो, म्हणून रात्री बर्फात गाडी उभी करताना शक्य असेल तर गिअरमध्ये आणि ठोकळ्यांवर ठेवा, हँडब्रेकवर नको.

गाडीत काय काय ठेवता?

दोन बेलचे, टिकाव, दोन पोती खडी-राख, चार फळ्या, साखळ्यांची जोडी, १३ मिलिमीटरची शिक्क्याची साखळी, दोन डी-शॅकल, पुली, डोक्याला बांधायची टॉर्च, रबरी हातमोजे आणि त्याखाली घालायचे लोकरीचे, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, दोन दिवसांचं खाणं. हे सगळं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चढतं. चिल्लई कलां (काश्मीरचे सगळ्यात कडक थंडीचे चाळीस दिवस) २१ डिसेंबरला सुरू होतं म्हणून तोपर्यंत थांबणाऱ्यांना २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पडलेल्या बर्फानं चांगलंच शिकवलं. झाडांवर फळं आणि पानं असतानाच फांद्या मोडल्या, रस्ते बंद झाले, गाड्या अडकल्या.

त्या रामसूच्या गाडीतल्या केळ्यांचं काय झालं?

हा प्रश्न गावातलेच विचारतात. म्हाताऱ्यानं दाखवल्यावर आम्ही दोन तास गोळ्याखालचा बर्फ काढला, पलीकडच्या ढाब्यावरून तंदूरची राख आणली, आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर निघाली. कुणीही ओढली नाही. श्रीनगरला पोचलो तेव्हा ताडपत्रीला टेकलेला वरचा थर काळा पडला होता, आतला माल ठीक होता. व्यापाऱ्यानं वरचा थर मोजून बाजूला काढला, हातात एक घड घेऊन माझ्याकडे बघितलं आणि काळ्या मालाचे निम्मे भाव लावले. मी गप्प बसलो. वाद घालायला हात गरम व्हायला हवे होते.